कोबीच्या पानावरचा घास

“हे कुणासाठी?” ब्रांडेसबाईंनी दारातूनच विचारलं.

मी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर कोबीचं पान मांडत होतो. पानावर भाताची मूद, तिच्यावर लोणी, बाजूला दही आणि एक बटाटेवडा. जर्मनीत केळीचं पान कुठून आणणार? तूप नाही, काळे तीळ नाहीत. तिळांच्या जागी मी पावावरची खसखस नखानं खरवडून घेतली होती. वर आमचे पितर बघत असतील तर पोट धरून हसत असतील, असं मनात आलं आणि नेमक्या त्याच वेळी मागून हा प्रश्न आला.

“भावासाठी,” मी म्हणालो.

“इटलीतल्या?”

“हो.”

बाई जवळ आल्या. ओले हात पदराला पुसावेत तसे त्यांनी ॲप्रनला पुसले आणि पानाकडे बघत राहिल्या. “म्हणजे तुमच्याकडंही लांब गेलेल्या माणसाचं ताट वाढतात,” त्या हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

आता इथं मी तोंड उघडायला हवं होतं. ते उघडलं नाही, म्हणून तर ही गोष्ट झाली.

साल पंचावन्न. मी आनंदा काटकर, सातारा जिल्ह्यातला, वय तेवीस. ग्योटिंगेन नावाच्या जर्मन गावात प्रयोगशाळांचे तराजू बनवायला शिकत होतो. असे नाजूक तराजू, की कागदाच्या चिठोऱ्यावर पेन्सिलीनं नाव लिहिलं तर त्या नावाचंही वजन दाखवतील. ब्रांडेसबाई माझ्या घरमालकीण. त्यांचा नवरा युद्धाआधीच वारला होता. एकुलत्या एका मुलाला, योखेनला, चव्वेचाळीसला सैन्यात नेलं, असं त्या सांगायच्या, आणि पंचेचाळीसच्या जानेवारीनंतर त्याचं पत्र नाही. मेल्याचा कागदही नाही. रशियनांच्या कैदेत असेल, येईल, एवढ्या एका आशेवर बाई दहा वर्षं उभ्या होत्या. दर रविवारी त्या टेबलावर तिसरं ताट मांडायच्या. ते ताट योखेनचं.

खोली देतानाच त्यांनी मला बजावलं होतं, “योखेन आला की त्याच दिवशी खोली मोकळी करायची.”

“एका तासात करतो,” मी म्हटलं होतं.

खोली त्याचीच होती. मी त्याच्या पलंगावर झोपायचो, त्याचा दिवा लावायचो. भिंतीवर त्याचा फोटो होता, सैनिकी गणवेशातला, हसरा, पुढच्या दोन दातांत फट. शरद ऋतूत तिथं सकाळी असं धुकं उतरायचं, की अंगणातला अक्रोड अर्धाच दिसायचा. अंथरुणात पडल्या पडल्या क्षणभर कळायचं नाही, आपण कुठं आहोत आणि ही झोप कुणाची आहे, माझी की त्याची. त्या काळातलं सगळंच मला आता असं धुक्यातून आठवतं.

आणि माझा भाऊ! दौलतदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मराठा पलटणीत होता. चव्वेचाळीसला इटलीत एका नदीच्या काठावर जर्मन मशीनगननं त्याला पाडलं. तिथंच अग्नी दिला, असं पत्र आलं. ज्यांच्या हातचं रोज खातो, त्या बाईंना हे कोणत्या तोंडानं सांगू? मी एवढंच सांगितलं होतं, की भाऊ इटलीत आहे. खोटं नव्हतं. त्याची राख तिथंच होती.

त्या वर्षी आईचं पत्र आलं. आईला लिहिता येत नव्हतं. गावातले चव्हाणमास्तर लिहायचे, पण बोल तिचेच. ‘आनंदा, सर्वपित्रीची तारीख मास्तरांनी वर टाकली हाय. अवंदा दौलतचा घास तूच ठेव. हितनं ठेवल्याला त्याला पोचतोय का न्हाई, देव जाणे. तू त्याच मुलखात हायेस. जवळ पडंल.’ आईच्या लेखी जर्मनी आणि इटली म्हणजे रहिमतपूर आणि कोरेगाव, शेजारशेजारची. पण आईचा शब्द. शनिवारी कारखाना अर्धा दिवस असायचा. दुपारी घरी आलो आणि बाईंच्या चुलीवर भात टाकला.

“हेर काटकर,” बाई त्यांच्या रीतीनं मला ‘श्रीयुत’ लावून म्हणाल्या, “एक मागू? माझ्या योखेनसाठीही ठेवाल?”

त्यांना वाटलं होतं, हे वाट बघण्याचं ताट आहे. आणि ते दिवसही तसेच होते. त्यांचे चॅन्सेलर मॉस्कोला जाऊन आले होते. रशियात उरलेले युद्धकैदी सुटणार, असं ठरलं होतं. आठवडाभर रोज बसगाड्या भरून माणसं येत होती. पलीकडच्या फ्रीडलांड नावाच्या खेड्यात छावणी होती, तिथं त्यांना उतरवायचे. रेडिओवर नावांच्या याद्या वाचायचे आणि सगळी गल्ली श्वास रोखून ऐकायची. बाई तर रेडिओला कान लावूनच बटाटे सोलायच्या.

अशा बाईला कसं सांगू, की बाई गं, हा घास मेलेल्यांचा असतो? ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, “ठेवतो की.”

दुसरं कोबीचं पान घेतलं. दादाचं नाव घेऊन पाणी सोडलं. मग योखेनचं नाव घेऊन सोडताना अर्धं पाणी माझ्या विजारीवर सांडलं. जित्या पोराचं श्राद्ध घालतोय की काय मी! बाई मागं हात जोडून उभ्या होत्या, चर्चमध्ये जोडतात तसे. मग ‘पक्षी बुजतील’ असं मी सांगितलं, तशा त्या आत गेल्या.

पाचच मिनिटांत अक्रोडावरून कावळा उतरला. तिकडचे कावळे आपल्यापेक्षा थोराड, काळेभोर, आणि भारी संशयी. पण हा सरळ दादाच्या पानावर आला. वडा उचलला, भातात चोच घातली, दहीसुद्धा सोडलं नाही. मला हुंदका आला. आईचं खरंच म्हणायचं. जवळ पडलं.

योखेनच्या पानाकडे मात्र त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. दुसरा कावळा आला, मान वाकडी करून बघून गेला. तिसराही तसाच. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. भात सुकला, लोणी पिवळं पडलं. कावळा शिवेना.

कावळा शिवला नाही तर आपल्यात काय म्हणतात, ते तुम्हाला सांगायला नको. मलाही पाठ होतं. पण त्या दुपारी डोक्यात भलतंच शिरलं. जो मेलाच नाही, त्याचा घास कावळा कशाला खाईल? हे एकदा मनात आलं आणि मी लहान पोरासारखा स्वयंपाकघरात धावलो.

“बाई, योखेन जिवंत आहे!”

त्यांच्या हातातली सुरी खाली पडली. “रेडिओवर नाव आलं?”

“नाही, नाही. कावळा शिवला नाही!”

मग सगळंच सांगावं लागलं. हा घास कुणाचा असतो, कावळा कशाला येतो, सगळं. बाई खुर्चीवर बसल्या. 

“म्हणजे तुमचा भाऊ गेला आहे.”

“हो.”

“आणि माझ्या योखेनचं ताट तुम्ही मेलेल्यांच्या शेजारी मांडलंत.”

मी मान खाली घातली. आता सामान बांधावं लागणार, हे उघड होतं.

“पण पक्ष्यानं ते खाल्लं नाही,” बाई म्हणाल्या.

“नाही.”

“एकानंही नाही?”

“तिघं आले. एकानंही नाही.”

आणि बाई हसल्या. वर्षभरात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. बावन्न वर्षांची बाई, पण गालांवर पोरीसारखी लाली चढली. “उद्या फ्रीडलांडला जाऊ. तुम्ही चला बरोबर. तुम्ही उंच आहात, पाटी तुम्ही धरा.” माझा भाऊ कसा गेला, हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी त्यांचा जीव एकाच नावात होता. आणि कावळा न शिवण्याचा दुसरा अर्थ मी गिळून टाकला. सरळ सांगतो, मी भ्यालो.

रविवारी पहिल्या गाडीनं निघालो. धुकं एवढं, की गाडी उभीच आहे आणि खांबच मागं पळताहेत, असं वाटावं. बाईंनी निळा कोट घातला होता. मांडीवर पुठ्ठ्याची पाटी. तिच्यावर योखेनचा फोटो, खाली नाव, जन्मतारीख, पलटण, आणि मोठ्या अक्षरांत एकच प्रश्न: याला कुणी पाहिलं आहे का?

“येताना तिघांची तिकिटं काढावी लागतील,” त्या म्हणाल्या.

“मी उभा राहीन,” मी म्हणालो. “त्याला खिडकी द्या.”

 एका कावळ्याच्या भरवशावर मी हे काय करून ठेवलं होतं?

फ्रीडलांडला शेतांच्या मधोमध लाकडी बराकी, आणि एक घंटा. बसगाड्या दिसल्या की घंटा वाजायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाया उभ्या, म्हाताऱ्या, तरण्या, प्रत्येकीच्या हातात पाटी. शेकडो फोटो, आणि सगळी पोरं हसणारी. एवढ्या गर्दीत आवाज म्हणून नाही. त्या रांगेत काळासावळा, लोकरी मफलर गुंडाळलेला, डोक्यावर एका जर्मन पोराचा फोटो धरलेला मी! शेजारच्या आजीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तुमचा कोण?” तिनं विचारलं.

काय सांगणार? “मी त्याच्या खोलीत राहतो,” म्हणालो. तिला ते पटलं असावं. तिनं मान हलवली.

पहिली बस आली. कापूस भरलेल्या जाकिटातली माणसं उतरली. हातात लाकडी पेट्या, चेहरे राखेच्या रंगाचे. ती झोपेतून उठून आल्यासारखी चालत होती. कुणीतरी किंचाळलं, कुणीतरी कुणाच्या गळ्यात पडलं. बाकीच्या बाया पाट्या आणखी उंच करून तशाच उभ्या. दुसरी बस आली आणि गेली. माझे खांदे भरून आले.

तिसऱ्या बसमधला एक माणूस आमच्यासमोर थांबला. पेटी खाली ठेवून त्यानं फोटोकडे पाहिलं.

“हा दातांतून शिट्टी वाजवायचा,” तो म्हणाला.

बाईंनी माझा दंड असा धरला, की त्यांची नखं कोटातून टोचली. “हो! हो, वाजवायचा! कुठं आहे तो?”

त्या माणसानं टोपी काढली. टोपी काढली तेव्हाच मला कळलं.

“सेहेचाळीसचा फेब्रुवारी,” तो म्हणाला. “रशियात, उरालच्या डोंगरांत. ताप आला, दोन दिवसांत आटोपलं. मी शेजारच्याच झोपायच्या फळीवर होतो.”

बाईंनी माझा दंड सोडला. तो माणूस घाईघाईनं, जणू काही देणं लागत असल्यासारखा सांगत राहिला, “तो रोज केक भाजायचा, बाई. नुसता तोंडानं. तुमचा आलुबुखारचा केक. पीठ किती, लोणी किती, फळं कशी उभी कापून रचायची. आम्ही उपाशी पोटी ऐकत बसायचो. आख्खी बराक ऐकायची.”

“दालचिनी सांगायचा का?”

“शेवटी. सगळ्यात शेवटी.”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “ती शेवटीच घालायची.”

त्यांनी त्या माणसाचा हात हातात घेतला, आभार मानले, आणि पाटी माझ्याकडून काढून घेतली. परतीच्या गाडीत ती त्यांनी फोटो आतल्या बाजूला वळवून धरली होती. त्यांनी मला एक मुस्काटात मारली असती, तर मला बरं वाटलं असतं. त्या एकदाही रडल्या नाहीत. घरी येऊन कोट टांगला आणि पिठाचा डबा काढला. दिवेलागणीला सगळ्या जिन्यात आलुबुखारचा आणि दालचिनीचा वास भरून राहिला. मी दार लावून पलंगावर बसलो होतो. त्या पलंगावर मला आडवं होववेना.

सोमवारी कारखान्याला निघालो, तेव्हा त्यांनी हाक मारली. माझ्याच खोलीची खिडकी त्यांनी उघडली होती. कट्ट्यावर बशी, बशीत केकचा तुकडा.

“आता खरं सांगा,” त्या म्हणाल्या. “त्या पक्ष्यानं का खाल्लं नाही?”

“आमच्यात म्हणतात, गेलेल्याच्या मनात काही राहिलं असेल, तर कावळा शिवत नाही. मग घरचं कुणीतरी पुढं होतं आणि जे राहिलं असेल ते कबूल करतं.”

“हे शनिवारी माहीत होतं तुम्हाला?”

“होतं.”

“मग?”

“तुमचा चेहरा बघून सांगवलं नाही. चुकलं माझं.”

त्यांनी मान हलवली. रागावल्या की नाही, कळलं नाही. “त्याचं काय राहिलं असेल?”

“केक असेल,” मी म्हणालो.

“नाही. केक त्यानं रोज खाल्ला.” बाई खिडकीला टेकल्या. बाहेर धुक्यात अक्रोडाचं झाड होतं नव्हतं झालेलं. “मी तुम्हाला काय सांगितलं होतं? त्याला नेलं, म्हणून. सगळ्यांना तेच सांगते. हेर काटकर, त्याला कुणी नेलं नाही. तो सतराचा होता. आपणहून भरती व्हायचं तर आईची सही लागायची. तीन दिवस तो कागद टेबलावर पडला होता. वरच्या मजल्यावरच्या बाईनं तिच्या मुलाला सही दिली नाही. मी तिला भित्री म्हणाले, जिन्यात, चारचौघांत. आणि मी सही केली. घाबरून नाही. अभिमानानं. चांगल्या अक्षरात.”

 इतके दिवस मी त्या देशाचा इतिहास पुस्तकांतून वाचत होतो, कोण कधी सत्तेवर आला, कुठली सीमा कधी ओलांडली. तो सगळा या एका बाईच्या चांगल्या अक्षरात येऊन थांबला होता.

बाई खिडकीतून वाकल्या. आवाज साधाच होता, पोराला जेवायला हाक मारावी तसा. “योखेन, मी सही करायला नको होती.”

एवढंच. मग त्या रडल्या. दहा वर्षांचं रडणं होतं ते. मी आईला धरावं तसं त्यांना धरलं.

कावळा आला. योगायोग म्हणा, नाहीतर केकचा वास म्हणा. मी यंत्रांचा माणूस, माझं काही म्हणणं नाही. त्यानं तुकडा उचलला आणि धुक्यात गेला.

“तुमच्या भावाला आमच्या लोकांनी मारलं ना?” बाईंनी डोळे पुसत विचारलं.

“हो. मशीनगननं.”

“नाव काय त्याचं?”

“दौलत.”

त्यांनी स्वयंपाकघरातून दुसरा तुकडा आणला, बशीत ठेवला आणि जमेल तसं ते नाव उच्चारलं. “त्या मशीनगनवाल्यालाही कुणीतरी सही दिली असेल,” त्या म्हणाल्या. “माझ्यासारख्याच एखाद्या बाईनं.”

मी हे सगळं आईला लिहिलं. काही लपवलं नाही, केकसुद्धा नाही. महिन्यानं तिचं पत्र आलं आणि ते मी बाईंना टेबलाशी बसून एकेक वाक्य जर्मनमध्ये सांगत वाचून दाखवलं.

‘आनंदा, पत्र पोचलं. मास्तर हे लिवायला तयार न्हवते, मीच म्हटलं लिवा. दौलत भरतीला गेला तवा सोळा सरून सतरावं लागलं हुतं. सायबानं मला इचारलं, बाई, अठरा पुरी झाली का? पोरगं माझ्याकडं बघत हुतं. मी म्हटलं, झाली. आन् कागदावर अंगठा दिला. तुज्या बापाला बी ठावं न्हवतं. ह्ये मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. त्या बाईला सांग, तिच्या पोराचं पान मी हितं वाढीन, दौलतच्या शेजारी. तिला म्हणावं, तू एकली न्हाईस.’

 पत्राखाली आईचा अंगठा उठवलेला होता. बाईंनी त्यावर हलकेच बोट ठेवलं.

मग उठून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. “तो दिवस दरवर्षी बदलतो म्हणालात ना?”

“हो. चंद्रावर असतं ते.”

“मग तुम्ही परत गेलात, की मला तारीख कळवत जा. इथं दोन्ही ताटं मी मांडीन.”

मी सत्तावन्नला परत आलो. त्यानंतर दरवर्षी भाद्रपद लागायच्या आधी मी साताऱ्याहून ग्योटिंगेनला एक कार्ड टाकायचो. त्यावर फक्त तारीख असायची. बाईंचं उत्तर यायचं, त्यात एकच ओळ: दोघंही जेवले. आई तेवढी ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायची.

बाहत्तर साली नेमकं सर्वपित्रीच्या सकाळी कार्ड परत आलं. पत्त्यावर कुणी नाही, असा शिक्का होता. आई म्हातारी झाली होती, डोळ्यांना दिसत नव्हतं. तिनं ते कार्ड हातात धरलं, त्यावरून बोटं फिरवली आणि सुनेला हाक मारली.

“भात वाईच जास्त टाक गं,” ती म्हणाली. “अवंदा तीन पानं हाईत.”